घाट कोणाचा? : चौल ते बोरघाट

मराठी समीक्षेत ‘घाट’ हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. कादंबरीचा घाट, कवितेचा घाट असे म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर आकृती असते, डोंगर नसतो. व्यवहारात आपण एखाद्या कार्याचा ‘घाट घालतो’, तेव्हाही डोंगर आठवत नाही. या सगळ्या शब्दांचे मूळ एक की अनेक, हा प्रश्न व्युत्पत्तिकारांवर सोपवलेला बरा. पण गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी, व्यवसायाने साहित्याचे शिक्षक आणि वयाने पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे, रायगडच्या किनाऱ्यापासून बोरघाटाच्या माथ्यापर्यंत सायकलींवरून जाण्याचा घाट घातला, तेव्हा हे सारे अर्थ एकमेकांत मिसळू लागले. डोंगर चढण्याच्या वाटेला एक आकृती असते. ती आकृती कोणीतरी, कोणासाठी तरी, कोणाच्या तरी श्रमांतून घडवलेली असते. मोटारीत बसलेल्याला ती दिसत नाही, सायकलवाल्याला मात्र ती मांड्यांमधून कळते.

प्रस्तुत लेख हा त्या प्रवासाचा वृत्तांत नव्हे. प्रवासात जो प्रश्न पडला त्याचा हा पाठपुरावा आहे, आणि तो प्रश्न साधा आहे: घाट कोणाचा?

आमच्याजवळ दोन प्रकारच्या सायकली होत्या. दोन डांबरी रस्त्याच्या, बारीक टायरच्या आणि हलक्या. दोन डोंगरी, रुंद खाचदार टायरच्या. भाऊच्या धक्क्यावरून आम्ही त्या रो-रो बोटीत चढवल्या आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधीही मांडवा आणि रेवसला लाँचेस होत्या, त्याआधी मचवे आणि पडाव. कोकणच्या किनाऱ्यावर प्रवास म्हणजे शतकानुशतके पाण्यावरून जाणे. दर काही कोसांवर खाडी आडवी येते, रस्ता संपतो आणि तर शोधावी लागते. जमिनीवरचा खरा प्रवास सुरू होतो तो किनाऱ्याकडे पाठ करून देशावर जायला निघाले म्हणजे.

मांडव्याहून अलिबाग आणि अलिबागहून चौल हा रस्ता जवळजवळ सपाट आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच एखादे तळे, कौलारू घरे. बारीक टायरच्या सायकली येथे पाण्यासारख्या वाहतात. आज चौलमधून जाताना हे एकेकाळी पश्चिम समुद्रावरचे नामांकित बंदर होते, हे सांगूनही खरे वाटत नाही. ग्रीक-रोमन लेखकांनी या बंदराचा उल्लेख केला आहे. पुढे अरब प्रवाशांनी केला, पोर्तुगीजांनी तर शेजारी रेवदंड्याला कोटच बांधला. येथे समुद्रातून माल येई आणि घाट चढून वर जाई. या मालात एक जिवंत माल होता, तो म्हणजे घोडे. दख्खनच्या सुलतानांच्या फौजांना अरबी आणि इराणी घोडे हवे असत आणि ते होर्मुझहून गलबतांतून येत.

असाच एक घोडा घेऊन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याचे ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ हे टिपण जगप्रसिद्ध आहे आणि रेवदंड्यात त्याचे स्मारकही आहे. लोक उघडे फिरतात, मुलेबाळे आपल्यामागे लागतात, गोऱ्या माणसाचे त्यांना नवल वाटते, असे तो लिहितो. (चौलच्या शाळेतून सुटलेली मुलेही आमच्यामागे धावत आली, नवल मात्र आमच्या रंगाचे नसून डोक्यावरच्या शिरस्त्राणांचे होते.) चौलहून तो पालीला गेला, तेथून उमरी आणि मग जुन्नर. या वाटेला त्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. जुन्नरला पोहोचल्यावर तेथील खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देतो, वर मोहरा देतो, असे बजावले. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने निकितीन सुटला. त्या घोड्यापायी एवढे सोसलेल्या माणसाच्या वृत्तांतात घाटाचे वर्णन जवळजवळ नाहीच. आहेत ते दिवसांचे आकडे.

हे आम्हांला अर्थपूर्ण वाटले. निसर्गवर्णन हा प्रवासवर्णनाचा प्राण आहे, अशी समजूत आपण फार उशिरा करून घेतली. मराठी गद्याचा आरंभच मुळी चालण्यातून झालेला आहे. तेराव्या शतकातील चक्रधरांच्या परिभ्रमणाच्या लीळा म्हाइंभटांनी गोळा केल्या. त्यांत गाव येते, देऊळ येते, भिक्षा येते, मुक्काम येतो. डोंगर येतो तो वाटेत आडवा आला म्हणून. पुढे सहाशे वर्षांनी याच रायगड जिल्ह्यातील, पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही (ते चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले) पायांनी मोजलेला देश आहे. आज कोठवर पोहोचलो, पाणी कोठे मिळाले, रात्री कोणाच्या ओसरीवर पडलो, हेच या गद्याचे व्याकरण. ज्याला स्वतःच्या पायांनी जायचे असते तो आधी अंतर पाहतो, देखावा नंतर.

सायकलवर बसल्यावर हे व्याकरण आम्हांला आपोआप येऊ लागले. रोहा, कोलाड, वाकण फाटा, पाली. दोन गावांमध्ये चढ किती, पाणी कोठे, सावली कोठे, यापलीकडे आमच्या बोलण्यात काही नव्हते. निकितीनच्या वाटेचा नेमका माग लावता येईल असा आमचा दावा नाही, पण चौलहून पालीला येताना समोर सह्याद्रीची भिंत जशी हळूहळू उंच होत जाते, ती त्यालाही तशीच दिसली असणार. मुक्काम पालीला केला. बल्लाळेश्वराच्या देवळामागे सरसगडाचा कातळ उभा होता आणि उद्या आपल्याला यापेक्षा वर जायचे आहे, हे कोणीही बोलून दाखवले नाही.

दुसऱ्या दिवशी पाली-खोपोली रस्त्यावरून आम्ही उंबरखिंडीकडे वळलो. येथे आमच्या दोन डोंगरी सायकलींचे दिवस आले. बारीक टायरवाले डांबर संपताच उतरून चालू लागले आणि खाचदार टायरवाले दगडगोट्यांतून पुढे गेले. अंबा नदीच्या पात्राजवळ आज लढाईचे स्मारक आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान, रायबागन या शूर स्त्रीसरदारासह, कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरू लागला. शिवाजी महाराजांनी त्याला या चिंचोळ्या खिंडीत गाठले. पुढून-मागून वाट बंद झाली, फौजेला हालता येईना, पाणी मिळेना. अखेर खंडणी देऊन आणि सामान तेथेच टाकून खानाला परतावे लागले. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारता’त हा प्रसंग रंगवला आहे. सेनापतीच्या शौर्याची कथा म्हणून तो आपण वाचतो. सायकल हातात धरून त्या पात्रात उभे राहिल्यावर मात्र तो वजनाची कथा म्हणून वाचावासा वाटला. तंबू, खजिना, दारूगोळा, बाजारबुणगे घेऊन आलेल्या फौजेला घाटाने अडवले आणि हाडापेराने हलक्या, वाट ठाऊक असलेल्या माणसांना वाट दिली. घाट कोणाचा, याचे १६६१ चे उत्तर असे होते: ज्याला वाट ठाऊक आहे त्याचा.

पुढच्या दोनशे वर्षांत हे उत्तर बदलले. ते कसे बदलले हे पाहायचे तर खोपोलीला थांबावे लागते. बोरघाटाच्या पायथ्याशी नाना फडणवीसांनी बांधवलेले महादेवाचे देऊळ आणि तळे आहे. घाट चढण्यापूर्वी माणसाला आणि जनावराला पाणी हवे, हे जाणणाऱ्या राज्यकर्त्याची ही वास्तू. तेव्हा माल पाठीवरून जाई. वंजाऱ्यांचे तांडे गोण्या लादलेले बैल घेऊन मीठ वर नेत, धान्य खाली आणत. चाक घाटात चालत नसे. पेशवाई संपल्यावर बारा वर्षांनी, १० नोव्हेंबर १८३० रोजी, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. कोकण आणि दख्खन यांच्यामधली भिंत या रस्त्याने पाडली, अशी त्याची धारणा होती. ती खोटी नव्हती. आता तोफ चढू शकत होती, बैलगाडी चढू शकत होती, कापूस उतरू शकत होता. रस्त्याच्या फलकावर माल्कमचे आणि काम करवणाऱ्या कॅप्टन ह्यूजचे नाव कोरले गेले.

त्यानंतर लोहमार्ग आला. जेम्स बर्कली या अभियंत्याने आखलेला बोरघाटाचा चढ १८५६ मध्ये बांधायला घेतला आणि २१ एप्रिल १८६३ रोजी तो खुला झाला. सर्वांत तीव्र जागी ३७ फुटांमागे १ फूट असा हा चढ, आणि त्यावर पंचवीस बोगदे. १८६१ च्या सुमारास येथे ४०,००० हून अधिक मजूर खपत होते. पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि कड्यावरून पडून त्यांच्यातले हजारो मेले. कंत्राटदारांची नावे आपल्याला ठाऊक आहेत: पहिला फॅव्हिएल, त्यानंतरचा सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच वारला आणि त्याची विधवा पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे नेले. अ‍ॅलिस ट्रेडवेलचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण मजुरांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून त्यांनी दंगा केला, तेव्हा कागदपत्रांत त्यांचा आवाज उमटतो, तोही सामूहिक आणि दुसऱ्याच्या लेखणीतून. इतिहासाच्या साधनांत श्रमिक शिरतो तो बहुधा दंगलीच्या किंवा साथीच्या दारातून.

खोपोलीतून वर पाहिले की डोंगरावरून उतरणारे जाड नळ दिसतात. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी त्यांतून खाली येते आणि टाटांचे १९१५ सालचे वीजकेंद्र चालवते. माथ्यावरचे पाणी घाट उतरते आणि मुंबईचे दिवे लागतात. पाण्याला उतरण्याचे काही कष्ट नाहीत. आम्हांला मात्र आता चढायचे होते.

खोपोली ते खंडाळा हा चढ सुमारे ५०० मीटर उंचीचा. पहिल्या काही वळणांतच आमच्यातला संवाद संपला. चढावर सायकलस्वाराचे जग फार लहान होते. पुढच्या चाकासमोरची दोन हात जमीन, श्वास, आणि शेवटचा गिअर टाकून झाला आहे ही जाणीव. गिअर ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. १९१० मध्ये फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ शर्यत प्रथमच पिरेनीजच्या उंच घाटांतून नेली गेली तेव्हा ऑक्ताव्ह लापीझ या स्पर्धकाने संयोजकांना ‘खुनी’ म्हटले होते. हलते गिअर त्या शर्यतीत १९३७ पर्यंत वापरू दिले जात नसत, कारण वीराने चढ स्वतःच्या बळावरच जिंकला पाहिजे, अशी संयोजकांची कल्पना होती. डोंगरी सायकल तर त्याहून अलीकडची, १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी घडवलेली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या शर्यतीची ओळख रोलाँ बार्थमुळे असेल. ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मधील एका निबंधात त्याने ‘टूर द फ्रान्स’ महाकाव्य म्हणून वाचली. स्पर्धकांची नावे होमरच्या वीरांसारखी, डोंगर हे व्यक्तिमत्त्व धारण केलेले शत्रू, आणि व्हाँतू हा पर्वत तर बळी मागणारा एक दुष्ट देव. बार्थचे हे वाचन चमकदार आहे. पण बोरघाटात ते लावू गेले की अडते, आणि ज्या ठिकाणी ते अडते ते ठिकाण रस्त्याच्या कडेलाच आहे. तेथे शिंगरोबाचे देऊळ आहे.

आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. साहेबाला घाटातून मार्ग सापडेना. शिंगरोबा नावाच्या धनगराने त्याला वाट दाखवली. साहेब म्हणाला, बक्षीस माग. धनगर म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य दे. साहेबाने त्याला गोळी घातली. आज ट्रकवाले आणि मोटारवाले जाताजाता येथे नाणे टाकतात.

इतिहास म्हणून या कथेची उलटतपासणी करणे सोपे आहे. बोरघाट ही काही साहेबाला सापडायची राहिलेली वाट नव्हती. तांडे, फौजा, जासूद शतकानुशतके तेथून ये-जा करीत होते, आणि लोहमार्गाच्या कितीतरी आधी गाडीरस्ता झालेला होता. ‘देशाला स्वातंत्र्य’ ही मागणीही नंतरच्या काळाची भाषा बोलते. पण एवढे सांगून समीक्षकाचे काम संपत नाही. ही कथा मार्ग कसा सापडला हे सांगत नसून ऋण कोणाचे राहिले हे सांगते. फलकावर कॅप्टन ह्यूजचे नाव आहे, अहवालात बर्कलीचे आहे, कंत्राटावर ट्रेडवेलचे आहे. ज्यांना हा डोंगर तळव्यांनी ठाऊक होता आणि ज्यांनी तो पहारींनी फोडला त्यांचे नाव कोठेच नाही. लोकस्मृतीने या हजारो निनावी माणसांसाठी एक नाव तयार केले आणि त्याला देव केले. फलकाला दिलेले हे आख्यायिकेचे उत्तर आहे. बार्थच्या महाकाव्यात डोंगर बळी मागतो आणि कीर्ती सायकलस्वाराला मिळते. आमच्या घाटात बळी गेलेलाच देव झाला आहे.

याच देवळावरून मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे स्पर्धक जातात. १९४५ पासूनची ही शर्यत. तिच्यात बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब देतात. हा किताब आम्हांला मनापासून आवडतो. त्या तरुणांनी तो स्वतःच्या छातीच्या भात्यावर मिळवलेला असतो. तरीही शिंगरोबापाशी धापा टाकत बसलो असताना एक गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. राजा दर शर्यतीला नवा होतो, देव मात्र तोच राहतो, आणि तो धनगर आहे.

येथे एक कबुली दिली पाहिजे. देवळाच्या ओट्यावर आमच्यापैकी एकाने म्हटले, “आता कळले त्या मजुरांना काय वाटले असेल.” दुसऱ्याने लगेच, काहीशा रागाने, उत्तर दिले, “काही कळलेले नाही. आपण सुट्टी काढून आलो आहोत.” त्यावर कोणी बोलले नाही. हा राग योग्य होता, असे आता लिहिताना वाटते. आमचा थकवा हौसेचा होता. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या होत्या, संध्याकाळी लोणावळ्याला गरम जेवण ठरलेले होते. गोणीच्या बैलामागून चढणारा वंजारी किंवा पटकीच्या छावणीतून सकाळी सुरुंगावर जाणारा मजूर यांच्या अनुभवाशी तो जोडणे हे त्यांचे नाव पुन्हा एकदा पुसण्यासारखेच होय. सायकल आपल्याला त्यांच्या जागी नेऊन ठेवत नाही. तिच्यामुळे एवढेच होते, की ती जागा किती उंच आणि किती उभी होती हे अंगाला कळते, आणि मग अहवालातला ‘३७ फुटांमागे १ फूट’ हा आकडा पूर्वीसारखा कोरडा वाचता येत नाही. इतिहासाच्या वाचकाला एवढे पुष्कळ आहे.

पण ही सोयही आता आक्रसत चालली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्यावर सायकलीला आणि पायी चालणाऱ्याला प्रवेश नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला अटल सेतू शिवडीहून थेट रायगड जिल्ह्यात चिर्ल्याला उतरतो, २१.८ किलोमीटरच्या त्या पुलावरही सायकलीला जागा नाही. यामागची सुरक्षिततेची कारणे आम्हांला मान्य आहेत. ताशी शंभर किलोमीटरच्या वाहनांमध्ये सायकल नेणे हा वेडेपणाच ठरेल. मात्र नव्या वाटा आखतानाच त्यांतून स्वतःच्या बळावर चालणारा माणूस वजा होत आहे, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे. माल्कमच्या रस्त्यावर गव्हर्नराची गाडी चाले आणि कडेने गोणीचा बैलही चाले. निकितीनने दिवस मोजले, गोडसे भटजींनी मुक्काम मोजले. पुढच्या प्रवासवर्णनकाराला मोजायला टोलनाके तेवढे उरतील काय?

घाटमाथ्याजवळ आम्ही आणखी एका जागी थांबलो. १८३० च्या रस्त्यावरचा दगडी पूल येथे होता. त्यावर लागलेल्या जाहिरातीमुळे लोक त्याला ‘अमृतांजन पूल’ म्हणत. म्हणजे बांधणाऱ्याचे नाव त्यालाही लाभले नाहीच, लाभले ते डोकेदुखीच्या मलमाचे. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीने रस्ते ओस पडलेले असताना, वाहतुकीला अडथळा होतो म्हणून तो सुरुंगाने पाडण्यात आला. एकशे नव्वद वर्षे उभा असलेला पूल होता तो. त्याच्या जागेकडे बोट दाखवून आम्ही एकमेकांना काही सांगण्याचा प्रयत्न केला. खालून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजात ते ऐकू आले नाही.

परत फिरताना उतारावर सायकली आपोआप धावू लागल्या. ब्रेक दाबून हात दुखले. शिंगरोबापाशी पुन्हा थांबलो, कारण चढताना दम लागल्याच्या भरात नाणे टाकायचे राहून गेले होते. चौघांत मिळून सुटे पैसे निघाले अकरा रुपये. ते ठेवले आणि खोपोलीच्या तळ्याकडे निघालो.